इथे आपली मात्रा चालत नाही



दारूच्या दुकानाविरुद्ध आपण पुष्कळ बोललो आहोत. दारू पिणाऱ्या माणसाबद्दल मात्र आपण बोलत नाही. दुकानासमोर धरणे धरता येते, तहसीलदाराला निवेदन देता येते. पण सकाळी घोटभर घेतल्याशिवाय ज्याला चहाची कपबशी हातात धरता येत नाही, त्या आपल्याच माणसाशी काय बोलायचे, हे आपण कधी ठरवलेले नाही. तो आधी बैठकीत मागे बसू लागतो, मग येतच नाही. आपण म्हणतो, "त्याचं आता काही खरं नाही," आणि पुढच्या विषयाकडे वळतो.

या गप्प बसण्याला कारण आहे, आणि ते अगदीच खोटे नाही. शेतकरी कर्जात का बुडतो, असे विचारले की पिढ्यान्‌पिढ्या एकच ठरीव उत्तर मिळते: लग्नात उधळतो आणि दारू पितो. गोऱ्या साहेबाच्या जागी काळा साहेब आला, उत्तर तेच राहिले. आत्महत्या झालेल्या घरी चौकशीचे कागद येतात, त्यावर "दारूचे व्यसन होते" असा शेरा पडतो आणि प्रकरण अपात्र ठरते, हे विदर्भ-मराठवाड्याने पाहिले आहे. त्यामुळे दारूचे नाव काढले की आपणच सरकारच्या हातात काठी देतो, अशी धास्ती कार्यकर्त्याला वाटते.

त्या आरोपाला आपले उत्तर ठाम आहे. न पिणारा शेतकरीही कर्जात आहे. माळकऱ्याच्या दारावरही बँकेची नोटीस चिकटते. ज्या मालाचा उत्पादन खर्च भरून निघत नाही, तो पिकवणारा शुद्धीत असो की धुंदीत, तोट्यातच जाणार. हे गणित बदललेले नाही.

पण हे उत्तर "कर्ज कशामुळे झाले" या प्रश्नाचे आहे. "या माणसाची दारू कशी सुटेल" हा प्रश्न वेगळा आहे. ही दोन खाती वेगळी ठेवली पाहिजेत. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला. घरे शाकारली गेली, सोसायट्या भरल्या गेल्या, पोरींची लग्ने झाली. आता आपापल्या गावात आठवून पाहा. ज्याला दारूने धरले होते, त्याची दारू त्या वर्षी सुटली का? भाव हा आपला हक्क आहे आणि त्यासाठी लढायचेच आहे. पण भाव हे या आजाराचे औषध नाही.

महाड-पोलादपूर काय सांगते

कापूस-ज्वारीच्या जिल्ह्यांसाठी निघणाऱ्या या पत्रकात रायगड जिल्ह्यातल्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांचा दाखला मुद्दाम घेतो आहे. आपण नेहमी म्हणतो की कोरडवाहू शेती, फसलेला पाऊस आणि सावकार यांनी माणूस दारूकडे ढकलला जातो. तर मग जिथे कापूस नाही, ज्वारी नाही आणि पावसाची वाण नाही, तिथे पाहू.

सावित्रीच्या खोऱ्यातल्या या तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. खाली भात, वर डोंगरउतारावर नाचणी आणि वरी. जमिनीचे तुकडे लहान, म्हणून घरटी एक तरी माणूस मुंबईला. कित्येक पिढ्या गिरणीच्या पगारावर इथली घरे चालली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले किती तरी पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. मनीऑर्डर थांबली आणि माणूस घरी आला. गावाकडे जमीन तेवढीच होती.

दारू इथेही आहे. शिमग्याला आहे, गणपतीत चाकरमानी आला की आहे, भाताची लावणी झाली की आहे. देशीच्या दुकानात आहे आणि डोंगरातल्या भट्टीवरही आहे. इथला पिणारा म्हणतो, "पावसात चार महिने अंग गारठतं, घ्यावीच लागते." आपल्याकडचा म्हणतो, "पाऊस नाही, जीव जळतो, घ्यावीच लागते." एकाला पाऊस जास्त म्हणून, दुसऱ्याला कमी म्हणून. दोघांचेही हाल खरे आहेत, पण दोघांच्या हातातली बाटली एकच आहे. हाल हे पिण्याचे निमित्त असू शकतात. आजार एकदा जडला की त्याला निमित्त लागत नाही. त्याला सुखातही प्यावेसे वाटते आणि दुःखातही.

महाडला आणखी एका गोष्टीसाठी आठवायचे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली बहिष्कृत परिषद १९ आणि २० मार्च १९२७ ला इथे भरली, आणि २० तारखेला बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसे चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्याली. हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना आणखी काही सांगितले, ते कमी लोकांना ठाऊक असते. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, असे त्यांनी बजावले. विरोधक याच गोष्टी पुढे करून अस्पृश्यतेचे समर्थन करत होते. म्हणून बाबासाहेबांनी त्या झाकून ठेवल्या नाहीत. हक्काची लढाई आणि स्वतःच्या सुधारणेची लढाई त्यांनी एकाच मांडवात लढवली. एकीने दुसरी दुबळी झाली नाही.

महात्मा फुल्यांचेही तसेच. शेतकऱ्याची लूट कशी होते हे 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांच्याइतके रोखठोक कोणी सांगितले नाही. त्याच जोतीरावांनी पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना विरोध केला. तेव्हा दारूवर बोलल्याने शेतकऱ्याची बाजू पडते, ही धास्ती आपण आता सोडून देऊ.

टारफुला

दारूचे व्यसन हा आजार आहे, असे म्हटले की पुष्कळ जण हसतात. "आजार कसला? मस्ती आहे. दोन रट्टे दिले की उतरेल." यावर शेतीतलाच दाखला देतो, कारण ज्वारी करणाऱ्याला तो लगेच कळेल.

ज्वारीत टारफुला येतो. छान हिरवा असतो, लहानसे फूल येते. तो वर दिसतो तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. जमिनीखाली त्याने ज्वारीच्या मुळात आपले मूळ घुसवून काही आठवडे रस शोषलेला असतो. ताट पिवळे का पडते आहे हे आपल्याला कळत नाही. कोणी म्हणतो पाणी कमी पडले, कोणी म्हणतो युरिया कमी पडला.

दारूचेही असेच असते. माणूस रस्त्यात पडलेला दिसतो, तेव्हा तो टारफुला जमिनीवर आलेला असतो. त्याआधी बरीच वर्षे मुळाशी काम चालू असते. आधी एका पेल्याने जी झिंग यायची तिला आता चपटी लागते, कारण शरीर सरावलेले असते. मग नाही घेतली तर हात थरथरतात, घाम सुटतो, झोप लागत नाही, जीव कासावीस होतो. मग मजेसाठी पिणे संपते आणि थरथर थांबवण्यासाठी पिणे सुरू होते. या टप्प्यावर त्याने देवापुढे घेतलेली शपथ खोटी नसते. पोराच्या डोक्यावर हात ठेवून तो बोलतो तेव्हा मनापासून बोलतो. संध्याकाळी शरीर मागणी करते आणि शपथ मोडते. मग शरमेने तो आणखी पितो.

टारफुल्याची दुसरी खोड अधिक वाईट. त्याचे बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत पडून राहते. ज्वारीचे मूळ जवळ आले की त्यातून झिरपणाऱ्या रसाने ते जागे होते. रान स्वच्छ दिसते म्हणून ते संपले असे समजायचे नसते. दारू सोडून पाच वर्षे झालेला माणूस "आता मी बरा झालो, लग्नात एक पेग घेतला तर काय होते" म्हणतो आणि पंधरा दिवसांत पुन्हा पहिल्या जागी येतो, त्याचे कारण हेच. या आजारात 'थोडी पिणे' परत मिळत नाही. मिळते ते न पिता चांगले जगणे, आणि ते पुरेसे आहे.

कबुली म्हणजे हार नव्हे

शेतकऱ्याला कबुली जड जाते. उभा जन्म त्याने पावसाशी, बाजाराशी आणि बँकेशी झुंज देत काढलेला असतो. "माझे मी बघून घेईन" हा त्याचा बाणा असतो. पण दारूपुढे हाच बाणा माणसाला बुडवतो, कारण 'मी ठरवीन तेव्हा सोडीन' यातला ठरवणारा 'मी'च आजारी असतो.

१९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी दोन माणसे भेटली. एक शेअर बाजारातला, बिल विल्सन. दुसरा शल्यविशारद, डॉ. बॉब स्मिथ. दोघेही दारूत बुडालेले आणि दोघांनीही अनेकदा सोडून पुन्हा धरलेली. त्यांना असे दिसले की डॉक्टरचा, बायकोचा किंवा पाद्र्याचा उपदेश जिथे लागू पडत नाही, तिथे एक दारुडा दुसऱ्या दारुड्याशी खरे बोलला तर दोघांचाही त्या दिवसाचा पेला टळतो. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., उभे राहिले. त्यांच्या बारा पायऱ्यांतली पहिली पायरी हीच आहे की दारूपुढे आपली मात्रा चालत नाही हे कबूल करणे. भारतात १९५७ पासून ए.ए.च्या बैठका होतात आणि महाराष्ट्रात त्या मराठीतूनही चालतात. फी नसते. आडनाव, जात, पक्ष कोणी विचारत नाही आणि बैठकीत बोललेले बाहेर जात नाही. जन्मभराची शपथही घ्यायची नसते. आजचा दिवस न पिता काढायचा, एवढेच. उद्याचे उद्या.

आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने ही गोष्ट घरोघर नेली. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ ला केंद्र सुरू झाले. ते उभे केले डॉ. अनिता अवचट यांनी. त्या १९९७ मध्ये वारल्या, काम थांबले नाही. तिथले निवासी उपचार पस्तीस दिवसांचे असतात. तिथे काम करणाऱ्यांत कधी काळी स्वतः रुग्ण म्हणून आलेली माणसे आहेत. पिणाऱ्याच्या बायकोसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे. दारू सोडल्याला वर्ष झाले की वाढदिवस साजरा होतो. गावाने ज्याला ओवाळून टाकले, त्याला असा वाढदिवस मिळतो.

आता आकडा पाहा. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूमुळे मदतीची गरज असलेली माणसे देशात सुमारे ५ कोटी ७० लाख. ज्यांना दारूने पुरते धरले आहे, त्यांच्यातल्या अडतीस जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळालेला. उरलेले सदतीस जण शपथा, शिव्या आणि मार यांवर सोडलेले. कापसावर कीड पडली असता अडतीस एकरांतल्या एकाच एकराकडे बघणारा शेतकरी आपण शहाणा म्हणू का?

चार प्रश्न

ज्याचा त्याने रात्री एकट्याने विचार करावा, असे हे प्रश्न आहेत. जगभरचे डॉक्टर याच धर्तीवर विचारतात.

पिणे कमी केले पाहिजे, असे तुमच्या मनात कधी आले का? तुमच्या पिण्यावर कोणी बोलले की राग येतो का? प्यायल्याबद्दल नंतर मन खाते का? सकाळी उठल्यावर थरथर थांबावी म्हणून किंवा डोके हलके व्हावे म्हणून घ्यावी लागते का?

दोन प्रश्नांना 'हो' आले तर डॉक्टरकडे जायचे. चौथ्याला 'हो' आले तर थांबायचे नाही.

पहिल्या आठवड्याची काळजी

इथे एक धोक्याची सूचना सर्वांनी नीट वाचावी. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत, डॉक्टरशिवाय, एकदम बंद करू नये. त्याला खोलीत कोंडूनही ठेवू नये. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भास होतात, माणूस बरळतो, ओळख विसरतो. गावात याला बाहेरची बाधा समजतात आणि देवऋष्याकडे नेतात. ही बाधा नाही, दारू तुटल्याचा परिणाम आहे, आणि उपचार मिळाला नाही तर यात जीव जातो. दवाखान्यात काही दिवसांच्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने यांनी हा काळ सुखरूप पार पडतो.

दुसरी सूचना मायबहिणींना. 'नकळत दारू सोडवा' अशी जाहिरात करून पुड्या विकल्या जातात. चहात, भाजीत मिसळून देण्यासाठी बाई मंगळसूत्र गहाण टाकून ती पुडी आणते. पुडीत काय आहे हे तिला ठाऊक नसते. दारू सोडवण्याचे एक खरे औषध आहे, डायसल्फिराम. १९४८ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ते पुढे आणले. दारू शरीरात मोडताना एक विषारी पदार्थ तयार होतो, त्याचा निचरा हे औषध अडवते. त्यावर दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. म्हणून ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच देतात. चोरून दिले तर नवरा बाजारात पेला घेईल आणि तिथेच कोसळेल. दोष बाईवर येईल आणि पुडी विकणारा नामानिराळा राहील.

तिसरी गोष्ट. ज्या घरात पिणारा माणूस आहे आणि त्याचे मन खचलेले आहे, त्या घरात फवारणीचे औषध ठेवू नका. शेजाऱ्याकडे, कुलपात ठेवा. नशेत घेतलेला निर्णय क्षणाचा असतो. त्या क्षणी हाताशी डबा नसला तर माणूस सकाळपर्यंत टिकतो.

दुकान आणि दवाखाना

आडव्या बाटलीला मत देऊन आपल्या बहिणींनी गावोगाव दुकाने बंद केली. ते काम मोठे आहे आणि चालू राहिले पाहिजे. मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, तेव्हा या धंद्याचे खरे तोंड मुंबईने पाहिले. पण दुकान बंद झाले म्हणून आजार जात नाही. वर्धा जिल्ह्यात कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे. तिथे दारू मिळते की नाही, हे कापूस पिकवणाऱ्या वर्धेकरांना मी काय सांगणार? चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ मध्ये बंदी झाली, आणि २०१६ पासून 'मुक्तिपथ' या कामातून तालुक्याला दवाखाना आणि गावात उपचार शिबिर अशी जोड दिली गेली. त्यातला धडा घेण्यासारखा आहे. दुकान बंद करणाऱ्या गावाने त्याच आठवड्यात आजारी माणसाला दवाखान्याची वाट दाखवली पाहिजे. नाहीतर तो चार किलोमीटर चालत पुढच्या गावी जातो.

ही वाट लांब आहे, हेही खरे. पोलादपूरच्या माणसाला जिल्ह्याचे रुग्णालय म्हणजे अलिबाग, शंभर किलोमीटरच्या वर. पुण्याला जायचे तर घाट चढावा लागतो आणि पावसात घाट बंद पडतात. आपल्या जिल्ह्यांतही तालुक्याहून जिल्ह्याला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे. पण पहिले पाऊल फोनवरही टाकता येते. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आणि मन खचले असेल तर 'टेलि-मानस' १४४१६, दोन्ही फुकट आहेत. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराच्या डॉक्टरांची तपासणी असते. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरकडून तिथली चिठ्ठी मिळते.

आपण करायचे काय

प्रत्येक तालुक्यात दोन माणसे नेमा, एक पुरुष आणि एक बाई. शक्य असेल तर स्वतः दारू सोडलेला माणूस घ्या. जवळची ए.ए.ची बैठक कुठे आणि कोणत्या वारी असते, जिल्हा रुग्णालयात कोणत्या दिवशी तपासणी असते, हे त्यांनी वहीत लिहून ठेवायचे. कोणी आले तर सोबत जायचे. वहीत रुग्णाचे नाव लिहायचे नाही आणि बैठकीत कोणाचे नाव घ्यायचे नाही.

उपचाराला जाणाऱ्याची पहिली अडचण शेतीची असते. पस्तीस दिवस घर सोडले तर बैल कोण पाहील, वेचणी कोण करील? शेवटची वेचणी आणि रब्बी ज्वारीची काढणी झाली की नांगरटीपर्यंत मोकळे दिवस असतात, ते उपचारासाठी चांगले. पण आजार मोहाचा हंगाम पाहत नाही, तसा भर पावसातही थांबत नाही. आषाढात वेळ आली तर गावाने इरजिक करावी. एका दिवसात दहा जोड्या जुंपल्या तर त्याचे डवरणीचे काम उरकते. आपले वडील हे करत होते. मयताच्या घरी आपण आजही जातो. जिवंत माणसासाठी जायला काय हरकत आहे?

आपल्या बैठका, मोर्चे आणि प्रवास यांत दारू असता कामा नये. रात्री मुक्कामाला कार्यकर्त्यांनी बाटली काढली तर नुकतीच सोडलेला माणूस पुन्हा आपल्या सभेला येणार नाही, आणि येऊही नये.

माळ घालून सुटलेली दारूही आपण सर्वांनी पाहिली आहे. तिला हसू नये. माळकऱ्याला दर एकादशीला, दर भजनाला सोबत मिळते, आणि सोबत हे या आजारातले अर्धे औषध आहे. उरलेले अर्धे दवाखान्यात आहे. दोन्ही घ्यावीत.

घरच्या माणसांनी एक लक्षात ठेवावे. त्याने पिणे सुरू केले ते तुमच्यामुळे नाही, आणि तुमच्या रडण्याने ते थांबणार नाही. उधारी भरू नका, त्याच्यासाठी खोटे बोलू नका, मार सोसू नका. आणि पोरांना सांभाळा. गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. पोर मामाच्या घरी दापुऱ्याला गुरे राखत वाढले, आणि त्या मामाची जमीन पुढे सावकाराच्या कज्ज्यात सापडली. दारू आणि सावकारी, दोन्ही त्याने घरातच पाहिले. मोठेपणी स्वतःच्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्याने गोड जेवण घातले, आणि पुढे उभा महाराष्ट्र खराट्याने झाडला. सगळ्याच पोरांच्या वाट्याला असे येत नाही.

शेवटी, भाऊ, तुझ्याशी. हे पत्रक कोणी वाचून दाखवत असेल आणि तू मागे भिंतीला टेकून बसला असशील. तुला कोणी नालायक म्हणत नाही. कर्ज तुझ्या पेल्याने झाले, असेही आम्ही म्हणू देणार नाही. त्या हिशेबासाठी आम्ही रस्त्यावर उतरू आणि तू आमच्यात हवा आहेस. पण सकाळी हात थरथरतो, हे तुला ठाऊक आहे. घरातही ठाऊक आहे. ते एका माणसाला तोंडाने सांग. बायकोला, भावाला, डॉक्टरला किंवा त्या फोनवरच्या अनोळखी माणसाला. येत्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला येशील तेव्हा आधी दवाखान्यात ये. तुझ्यासोबत एक जण येईल.